तुळाभार

टायफॉईडमधून उठले तेव्हा मी सहा वर्षांची,
आणि आईनं बोललेला नवस गुळाचा.
शिरोड्याच्या देवळात साखळ्यांना टांगलेलं पारडं.
समोरच्या पारड्यात वडील ढेपा ठेवत होते
सावकाश,
लवकर संपणार हे ठाऊक असल्यासारखे.

किलोची मापं तेव्हा नुकतीच दुकानात आली होती.
वडिलांचा हिशेब अजून रतलांत चाले
आणि गावाचा, डोळ्यांत.
‘हाडां मेजूं येतात गो चेडवाचीं,’
म्हणायच्या शेजारच्या गुलाबबाय,
दयेनं, चारचौघांत.

म्हणून आईनं दोन किलोचं लोखंडी माप
माझ्या परकराच्या आत फडक्यानं बांधलं होतं.
मांडीला गार लागत होतं ते.
पंधरा भरले मी.
देवी फसली की नाही, देवीच जाणे.
गुलाबबाय फसल्या.

परवा भाचीचा तुळाभार झाला.
स्निग्धा. (‘नावातच तूप आहे, आत्या,’ असं तीच म्हणते,
दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.)
बांबोळीला नोकरी लागली, नवस तिच्या आईचा.
बसेन म्हणाली,
पण सकाळी सहाला, कोणी नसताना.
रात्री जेवली नाही.
चहालाही नको म्हणाली.
देवळाच्या पायरीवर घड्याळ काढलं, मग कानातलं,
मोबाईल माझ्या हातात दिला,
ओढणीचं वजन किती असेल, असं विचारलं.
‘आणि आकडा मोठ्यानं बोलायचा नाही हं,
भटजींना सांगून ठेव.’

मला आमच्या आरोग्य केंद्रातली अर्मिंदा नर्स आठवली.
भिंतीवरचा वजनाचा तक्ता बदलला एकदा.
शनिवारी जुना काढला, सोमवारी नवा लागला,
आणि मधल्या रविवारी
नेहमीचंच शीत-कडी जेवून
अर्धा गाव जाड झाला.
अर्मिंदानं स्वतःला दोन्ही तक्त्यांत शोधलं,
मग खिळा काढून
नवा तक्ता वीतभर वर ठोकला,
कुणाला नीट वाचता येऊ नये इतका.

आणि आईचा मडगावच्या स्टुडिओतला फोटो,
लग्नाआधीचा, एक हात खुर्चीवर ठेवलेला.
हाच फोटो पाहून दोन स्थळांनी कळवलं होतं,
मुलगी फार किडकिडीत.
स्निग्धानं तो उजेडाकडे धरला.
‘आजीचे दंड बघ. अगदी माझ्यासारखे.
म्हणून तर मी बिनबाह्यांचं घालत नाही.’
मी काही बोलले नाही.
फोटोतली आई पोट आत ओढत नव्हती.
छाती फुगवून उभी होती,
जरा भरलेली दिसावी म्हणून.

पारडं हललं, थांबलं.
भटजींनी मला बोटं दाखवली, आधी पाच, मग आठ,
जत्रेत भाव करतात तशी, पंच्याआड.
स्निग्धा वर लामणदिव्याकडे बघत होती.
उतरली तेव्हा गुळाचं पारडं धाडकन फरशीवर आपटलं
आणि तीच दचकून म्हणाली, ‘सॉरी.’

गूळ आत गेला. मणगणें झालं.
द्रोण तिनं बराच वेळ नुसता धरून ठेवला,
एकदा बोटानं चाटून पाहिलं,
मग पाठ फिरवून सगळा संपवला.

सगळी हात धुवायला विहिरीकडे गेली
तेव्हा मी पारड्यात बसले.
साठी उलटलेली, दोन बाळंतपणांची,
डॉक्टर ज्यांच्याबद्दल दर खेपेला बोलतात त्या गुडघ्यांची.
समोर काहीच नव्हतं,
गुळाचे चार खडे आणि मुंग्यांची रांग.
माझं पारडं जमिनीला टेकलं ते टेकलंच.
किती, ते कळायला मार्ग नव्हता.
हात आपोआप मांडीवर गेला, उजव्या,
ती गार जागा चाचपत.